चाच्यांची पावती

समुद्राशी माझा संबंध आयुष्यात एकदाच आला. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये. त्या तासाभरात मी सकाळचा चहा, पोहे आणि उरलासुरला स्वाभिमान अरबी समुद्राच्या स्वाधीन केला. अलिबागच्या किनाऱ्यावर उतरल्यावर आमची ही म्हणाली, "आंग्र्यांच्या आरमारात तुम्ही असता, तर इंग्रज मुंबई सोडून अलिबागलाच राहायला आले असते." अशा माणसानं आरमारी लढाईवर लिहू नये, हे मला कळतं. पण त्याचं असं झालं, की शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या चिरंजीवांना समुद्री चाचा व्हायचं होतं.

हिनं जुन्या छत्रीचं काळं कापड कापून डोळ्याची पट्टी केली. मी बँकेतल्या पुठ्ठ्याची तलवार केली. चिरंजीव आरशासमोर उभे राहून एका डोळ्यानं स्वतःलाच घाबरवत होते, इतक्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर आले. मास्तर इतिहासाचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तास अजून संपलेला नाही.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"चाचा," चिरंजीव म्हणाले.

"कोणाचा?" असा विनोद मी केला. मास्तर हसले नाहीत. "कोणता चाचा?" त्यांनी विचारलं. "नाव काय? साल काय? जहाज कुठलं?" चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉमर्सचा पदवीधर. बाप म्हणून उरलीसुरली पत सांभाळण्यासाठी मी त्या रात्री चाच्यांचा इतिहास वाचायला बसलो, तो वाचतच राहिलो.

मला सापडला तो बार्थोलोम्यू रॉबर्ट्स. वेल्स प्रांतातला. १७१९ साली तो गुलामांची ने-आण करणाऱ्या 'प्रिन्सेस' नावाच्या जहाजावर मेट होता. म्हणजे आमच्याकडचा ऑफिसर समजा. कष्ट भरपूर, बढतीची आशा नाही. ते जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चाच्यांनी पकडलं. चाच्यांचा कप्तानही वेल्सचा. गाववाला भेटला, की नोकरी लागते, हा नियम सातासमुद्रापार चालतो. पुढं सहा आठवड्यांतच तो कप्तान मारला गेला आणि नव्यानंच लागलेल्या रॉबर्ट्सला बाकीच्यांनी मतं देऊन कप्तान केलं. सहा आठवड्यांत! मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ पंख्याकडे पाहत बसलो. मला क्लार्कचा हेडक्लार्क व्हायला सतरा वर्षं लागली, आणि तीही परीक्षा देऊन.

पुढच्या तीन वर्षांच्या आत या माणसानं चारशेहून अधिक जहाजं लुटली, असं म्हणतात. पण मला भुरळ पडली ती त्याच्या लुटीची नव्हे, त्याच्या नियमांची. त्याच्या जहाजावर लेखी करारनामा होता. प्रत्येकाला एक मत. लुटीची वाटणी ठरलेली: कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना दोन वाटे, तोफांचा मुख्य वगैरे मंडळींना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा, बाकीच्यांना एक. भागीदारीचा कायदा, १९३२, मी बी. कॉम.ला दोनदा वाचला (दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये), पण इतका स्वच्छ करार मला आमच्या शाखेच्या एकाही कर्जदार भागीदारी पेढीत दिसलेला नाही. आणि पाहा, कप्तानाला शिपायाच्या फक्त दुप्पट! आमच्या बँकेचे चेअरमन आणि आमचा शिपाई यांच्यातलं प्रमाण मी इथे लिहीत नाही. मला पेन्शन घ्यायची आहे.

पुढं ऐका. पैसे लावून पत्ते नि फासे खेळायचे नाहीत. रात्री आठ वाजता दिवे बंद. त्यानंतर ज्याला प्यायची असेल त्यानं डेकवर उघड्यावर जाऊन प्यावी. हत्यारं साफ ठेवायची. कामावर हात किंवा पाय गेला, तर सामायिक गंगाजळीतून आठशे डॉलर भरपाई. वाजंत्र्यांना रविवारी हक्काची सुट्टी. कंपनीच्या मालातून एका डॉलरचीही अफरातफर केली, तर निर्जन किनाऱ्यावर सोडून द्यायचं. आमच्याकडे अशा माणसाची बदली करतात, पण कल्पना तीच. आणि खुद्द कप्तान दारूपेक्षा चहा पिणारा! त्या काळी इंग्रजांच्या आरमारात पट्टीच्या खलाशाला महिन्याला चोवीस शिलिंग मिळत. तो पगार १६५३ पासून ठरलेला होता आणि १७९७ पर्यंत वाढला नाही. एकशे चव्वेचाळीस वर्षं वेतनकरार नाही! आमच्या युनियनच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले.

थोडक्यात, मध्यरात्रीपर्यंत मी मनानं चाच्यांच्या जहाजावर नोकरीला लागलो होतो. समुद्र लागतो एवढी एकच अडचण होती.

आता लढाई. इंग्रज सरकारनं १७२१ च्या सुरुवातीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोन युद्धनौका पाठवल्या, 'स्वॅलो' आणि 'वेमथ'. 'स्वॅलो' पन्नास तोफांची, कप्तान चॅलोनर ओगल. मोहीम कसली, आजारपणच. तापानं माणसं पटापट गेली. 'वेमथ'वर त्या डिसेंबरात एक अधिकारी वारला, त्याचं नाव अलेक्झांडर सेलकर्क. निर्जन बेटावर चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिलेला हा माणूस. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहायला याचीच हकिगत उपयोगी पडली, असं म्हणतात. एकटा होता तोवर धडधाकट होता, आणि सरकारी नोकरीत परत आला तो गेला. यातून कुणी काही बोध घ्यावा, असं मी म्हणत नाही.

५ फेब्रुवारी १७२२ रोजी 'स्वॅलो'ला आजच्या गॅबन देशातल्या केप लोपेझजवळ चाच्यांची तीन जहाजं नांगर टाकून बसलेली दिसली: चाळीस तोफांचं 'रॉयल फॉर्च्यून', बत्तीस तोफांचं 'रेंजर' आणि एक लहान. (तुम्ही इंग्रजांची जुनी कागदपत्रं पाहिलीत तर तिथे साल १७२१ सापडेल. घाबरू नका. त्यांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. मार्च एंडिंगनं जगात कुणालाच सोडलेलं नाही.)

ओगलसाहेब सरळ चाल करून जायचे, पण वाटेत उथळ जागा लागली, म्हणून त्यांनी जहाज वळवलं. चाच्यांना वाटलं, व्यापारी जहाज आहे, आपल्याला भिऊन पळतंय. झालं! 'रेंजर' पाठलागाला निघालं. ओगलनंही पळायचं सोंग चांगलं वठवलं. जात राहिला, जात राहिला, आणि तोफांचा आवाज मागच्या मंडळींना ऐकू जाणार नाही इतकं दूर आल्यावर खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या झडपा उघडल्या. 'रेंजर'चे दहा जण ठार झाले, कप्तान स्किर्मचा पाय गेला आणि जहाज शरण आलं.

पाच दिवसांनी, १० तारखेच्या सकाळी, 'स्वॅलो' परत हजर. यावेळी वर फ्रेंच निशाण. आदल्या दिवशी चाच्यांनी 'नेपच्यून' नावाचं एक जहाज पकडलं होतं आणि त्यावरची दारू रात्री संपवली होती. डेकवर, नियमाप्रमाणे. त्यामुळे सकाळी आठच्या नियमाचे पालनकर्ते सगळे आडवे. रॉबर्ट्स न्याहारी करत होता. येणारं जहाज कोणाचं यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणे पोर्तुगीज, दुसरा म्हणे फ्रेंच, तिसरा म्हणे आपलंच 'रेंजर' परत आलंय, सलामी द्या. अखेर आर्मस्ट्राँग नावाच्या एकानं ओळखलं. कारण तो 'स्वॅलो'वरूनच पळून आलेला होता. जुनं ऑफिस माणूस लांबूनही ओळखतो.

रॉबर्ट्सनं कपडे बदलले. किरमिजी रेशमी जाकीट आणि विजार, टोपीला लाल पीस, गळ्यात सोन्याची साखळी आणि हिऱ्यांचा क्रूस. मरायला निघालेला माणूस इतका नटला होता. मी मुलाच्या मुंजीतसुद्धा नटलो नव्हतो. बेत साधा होता: शिडं सोडायची, 'स्वॅलो'च्या अगदी जवळून निघायचं, तोफांची एक फैर अंगावर घ्यायची आणि वाऱ्यावर निसटायचं. पण सुकाणू धरणाऱ्यानं घोटाळा केला, जहाज नको तिथे रेंगाळलं आणि दुसऱ्या माऱ्यात छर्‍यांनी रॉबर्ट्सच्या गळ्याचा वेध घेतला. तो तोफेच्या दोरांवर कोसळला. स्टीव्हन्सन नावाचा सुकाणूवाला धावत आला, जखम न दिसल्यामुळे शिव्या देऊ लागला, की ऊठ आणि मर्दासारखा लढ. मग त्याला कळलं आणि तो रडायला लागला. रॉबर्ट्सच्याच इच्छेप्रमाणे त्याला कपडे-दागिन्यांसकट समुद्रात सोडलं. नंतर मोठी डोलकाठी कोसळली आणि जहाज शरण आलं. कप्तान धरून फक्त मूठभर माणसं मेली. लढाई म्हणून पाहाल तर आमच्या चाळीतल्या नळावरची याहून मोठी.

त्या लहान जहाजावर ठेवलेली लूट मात्र गायब होती. 'नेपच्यून'ही गायब होतं. आदल्या दिवशी लुटला गेलेला कप्तान दुसऱ्या दिवशी लुटारूंची तिजोरी घेऊन निघून गेला, असा सर्वांचा कयास. ऑडिटमध्ये याला 'समायोजन' म्हणतात.

इथपर्यंत वाचून मी पोराला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्याला लाल पीस आवडलं. मला सर्वांत आवडलेली गोष्ट मी शेवटी सांगितली. या लढाईच्या महिनाभर आधी, जानेवारीत, रॉबर्ट्स आजच्या बेनिन देशातल्या विदा बंदरात शिरला होता. तिथे अकरा जहाजं उभी होती. त्यानं प्रत्येक जहाजामागे आठ पौंड सोन्याची भुकटी खंडणी मागितली आणि ज्यांनी दिली त्यांना रीतसर पावत्या दिल्या! रक्कम मिळाली, जहाज मोकळं केलं, तारीख, खाली सह्या. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "बघ, दरोडेखोर, पण पावती देतो! नाहीतर आमच्याकडे..."

"आणि ज्यानं नाही दिली?" चिरंजीवांनी विचारलं.

मुलांची ही वाईट खोड. मी पुन्हा पुस्तक उघडलं.

एकानं दिली नव्हती. 'पॉर्क्युपाइन' जहाजाचा कप्तान फ्लेचर. चाचे आले तेव्हा हे गृहस्थ किनाऱ्यावर हिशेब पुरे करत बसले होते. खंडणीचा निरोप आला तेव्हा त्यांनी उत्तर पाठवलं, की मालकांचा तसा हुकूम नाही. रॉबर्ट्सनं जहाज जाळायला माणसं पाठवली. जहाजात दोघा-दोघांना एकत्र साखळ्या घालून ठेवलेले ऐंशी गुलाम होते. त्यांना आधी उतरवून घ्यायचं ठरलं होतं. पण साखळ्या सोडवायला फार वेळ लागतोय, असं त्या माणसांना वाटलं. घाई होती. त्यांनी तसाच डांबर ओतून जहाजाला जाळ लावला. जे समुद्रात उडी मारू शकले त्यांना शार्कनी गाठलं.

मी पुस्तक मिटलं. पोरगा गप्प होता. मी त्याला "जा, अभ्यास कर," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

वाचकहो, विनोदी लेखात असा मजकूर घालू नये, हे मला माहीत आहे. पण मी काय करू, ती दोन वाक्यं माझ्या ओळखीची निघाली. 'वरून हुकूम नाही' आणि 'आता वेळ नाही'. ही दोन वाक्यं मी काउंटरवर बसून किती वेळा बोललो असेन! एकदा एक म्हातारी पेन्शनचे पैसे काढायला आली होती. सही जुळत नव्हती. हात कापत होता. अंगठा घ्यायचा तर साक्षीदार हवा, साहेबांची सही हवी, आणि साहेब मीटिंगला. माझी कॅश बंद करायची वेळ. मी म्हणालो, "आजी, उद्या या." त्या म्हणाल्या, "दोन बशी बदलून येते रे बाबा." मी म्हणालो, "माझ्या हातात नाही." खरं तर माझ्या हातात होतं. उठून वीस पावलं चालायचं होतं आणि पाच मिनिटं उशिरा कॅश बंद करायची होती. आजी दुसऱ्या दिवशी आल्या, पैसे घेऊन गेल्या, मला आशीर्वादसुद्धा देऊन गेल्या. कुणी जळालं नाही, कुणी बुडालं नाही. पण त्या रात्री माझी कॅश पैशापैशानं जुळली होती, आणि त्याचा मला अभिमान वाटला होता, एवढंच आता नीट आठवतं.

संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. म्हटलं, "मास्तर, चाचा वाईट निघाला."

"आणि त्याला पकडणारे?" मास्तर म्हणाले. "पुढचं वाचलंत?"

वाचलं होतं. पकडलेल्यांना आजच्या घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्यात नेलं. हा किल्ला गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा. खटला रीतसर झाला. बावन्न जणांना फाशी दिलं, चौऱ्याहत्तर सुटले, काहींना सक्तमजुरी. 'स्वॅलो'वरचे डॉक्टर ॲटकिन्स यांनी न्यायालयाच्या कारकुनाचं काम केलं. ओगलसाहेबांना १७२३ साली 'सर' ही पदवी मिळाली, पुढं ते ॲडमिरल झाले. आणि चाच्यांच्या जहाजांवर सापडलेले सत्तरच्या आसपास काळे लोक? त्यांच्यावर खटला नाही, त्यांना फाशी नाही, सुटकाही नाही. त्यांना गुलाम म्हणून विकलं. मुद्देमालात जमा.

"म्हणजे मास्तर," मी म्हणालो, "रॉबर्ट्स ज्या जहाजावर आधी नोकरीला होता, ते माणसंच वाहून नेत होतं. त्यानं जाळलं ते तेच नेत होतं. आणि त्याला पकडून ज्या किल्ल्यात नेलं, तिथेही तोच धंदा. मग चाचा कोण?"

मास्तरांना याच प्रश्नाची वाट होती. "तीच मंडळी त्याच हिवाळ्यात आपल्याकडे काय करत होती, ठाऊक आहे? डिसेंबर १७२१. कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडहून राजाच्या युद्धनौका घेऊन मुंबईला आला होता. कशाला? कान्होजी आंग्रे नावाच्या 'चाच्या'चा बंदोबस्त करायला. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्याच्या किल्ल्यावर चालून गेले. हल्ला फसला. बाजीरावांची फौज आली, पोर्तुगीजांनी जानेवारीत मराठ्यांशी तह करून अंग काढून घेतलं. कान्होजी छत्रपतींचे सरखेल. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला दस्तक घ्या म्हणत, नसेल तर पकडत. इंग्रजही आपल्या पासाचा आग्रह धरायचे. तो कायदा, आणि कान्होजींचा तो दरोडा! खातेवही ज्याच्या हातात असते ना, तोच ठरवतो नावे कुणाच्या टाकायचं."

हे शेवटचं वाक्य माझ्या धंद्यातलं होतं, त्यामुळे पटकन पटलं. मी एवढंच म्हणालो, "मास्तर, पण त्या ऐंशी लोकांचं खातं कुठल्याच वहीत नाही. नावंसुद्धा नाहीत. अकरा जहाजं लिहिलीत, आठ पौंड सोनं लिहिलंय, पावतीवर सह्या आहेत." मास्तर काही बोलले नाहीत. मास्तर गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. नंतर त्यांनी आत जाऊन चहा टाकायला सांगितला.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी चिरंजीवांनी जाहीर केलं, की ते चाचा होणार नाहीत, कान्होजी आंग्रे होणार. हिनं कपाळावर हात मारला. "छत्रीचं कापड कापून झालंय," ती म्हणाली, "आता पगडी कशाची करू?" शेवटी माझ्या लग्नातल्या उपरण्याची पगडी झाली. पुठ्ठ्याची तलवार तीच चालली. हातात मी एक कागद दिला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'दस्तक' लिहिलेलं. परीक्षक बाईंनी विचारलं, "बाळ, तू शिपाई का?" तो म्हणाला, "नाही. मी परवाना तपासतो." बाईंना तो टी. सी. वाटला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

मी अजून काउंटरवर बसतो. आता सगळं कॉम्प्युटरवर. सह्या पडद्यावर दिसतात, तरी जुळत नाहीत त्या नाहीतच. परवा कॅश बंद करायच्या वेळेला एक आजोबा आले, हात कापत होता. मी उठलो, वीस पावलं चाललो, साहेबांची सही आणली. साहेब म्हणाले, "काय हो, आज इतकी तत्परता?" मी म्हणालो, "घाईत होतो."

माझी कॅश त्या दिवशी दहा रुपयांनी कमी भरली. ते मी खिशातून घातले. त्याची पावती मात्र मला कुणी दिली नाही.